सिंधुबाईंच्या नावाचं विमान

जोतीराम शिंगाड्यांनी विमान घेतलं, अशी बातमी इंदापुरात एका आठवड्यात पसरली. वास्तविक त्यांनी घेतला होता विमानाचा एक तुकडा, दोन बोटं रुंद आणि करंगळीएवढा लांब. पण बातमी सांगणाऱ्याचं तुकड्यावर भागत नाही. सोमवारी तुकड्याचा पंख झाला, बुधवारी पंखाचं आख्खं विमान झालं, आणि शुक्रवारी कॉलनीतल्या एका गृहस्थांनी जोतीरामांना दूध आणताना थांबवून विचारलं, की फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे, नवरदेव त्यातून आणता येईल का. जोतीराम दुधाची पिशवी सावरत पुढं निघाले. आपल्याला पाहून कुणी हसू नये, एवढी एकच मागणी त्यांनी आयुष्याकडे केली होती, आणि ती आजवर फारशी मंजूर झालेली नव्हती.

जोतीराम पोस्टात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. निरोप समारंभाला मिळालेली शाल त्यांनी कपाटात ठेवली आणि त्यांच्या मुलीनं, निकितानं, पुण्याहून पाठवलेली भेट मात्र भिंतीवर टांगली. ती भेट म्हणजे विमानाच्या पत्र्याचा बिल्ला. जुनी, नाव कमावलेली विमानं मोडीत निघाली की काही मंडळी त्यांचा पत्रा विकत घेतात, त्याच्या लहान लहान पट्ट्या कापतात, पट्टीवर विमानाचा क्रमांक आणि साल कोरतात, कोपऱ्याला भोक पाडतात आणि आठवण म्हणून विकतात. असले बिल्ले जमवणारी माणसं जगभर आहेत. इंदापूर तालुक्यात एकच होता.

दीड वर्षात बिल्ले नऊ झाले. हिरव्या कापडाच्या फळ्यावर ते ओळीनं लावलेले, प्रत्येकाखाली टपाली अक्षरात चिठ्ठी. त्यांच्या पत्नी सारजाबाईंनी फळा एकदाच नीट पाहिला आणि म्हणाल्या, की सगळा पत्रा एकत्र केला तर भाताचं पातेलं झालं असतं. त्या कुठलीही गोष्ट एकदाच बोलतात. त्यामुळे ती कायमची लक्षात राहते.

शेजारचे अविराज देवकर हायस्कुलात गणित शिकवतात. फळ्यासमोर चहा पिताना जोतीराम त्यांना आपली गोष्ट सांगत. चौऱ्याहत्तर साली, दिवाळी तोंडावर आलेली असताना, उसावर औषध फवारणारं एक लहानसं पिवळं विमान बिघडलं आणि त्यांच्या गावच्या, निरवांगीच्या माळावर उतरलं. जोतीराम तेव्हा दहा वर्षांचे. त्यांनी शेपटीवरची इंग्रजी अक्षरं पाहिली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून चित्रासारखी पाठ केली. उलटा डोंगर, डोक्यावर तुळई घेतलेला खांब, दात मोडलेली फणी आणि आणखी दोन. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा त्यांना कळलं की आपण वर्षभर जे चितारत होतो तो विमानाचा क्रमांक होता.

अविराजसर दर वेळी बोटांवर काहीतरी मोजत आणि नम्रपणे सांगत, की तात्या, त्या माळाची लांबी आणि विमानाचा वेग बघता हे बसत नाही. गणितानं आपलं बालपण बाद ठरवावं, हे जोतीरामांना लागायचं. गावातले त्या वेळचे लोक ऊसतोडीला बाहेर होते, वडील बाजाराला गेले होते, विमान दोन तासांत दुरुस्त होऊन उडून गेलं. साक्षीदार म्हणावा असा एकच माणूस उरला होता, अजून निरवांगीतच राहणारी त्यांची आई सिंधुबाई. आणि आईला त्या दिवसाबद्दल विचारायचं नाही, हा घरातला न लिहिलेला नियम होता.

कारण गोष्टीचा एक भाग जोतीराम कुणालाच सांगत नसत. त्या दिवशी माळावर त्यांची मेंढरं होती. पोरगं विमान बघायला पळालं आणि मेंढरं शेजारच्या ज्वारीत शिरली. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी मेंढरांना विषासारखी लागते. संध्याकाळपर्यंत एकोणीस मेंढरं आडवी झाली. वडील बाजारातून आले, त्यांनी चिंचेचा फोक काढला, आणि पुढच्या महिन्यात उरलेली मेंढरं विकून कालव्याखालची दीड एकर जमीन कसायला घेतली. राखायला मेंढरं नाहीत म्हणून अधूनमधून शाळेत जाणारं पोरगं रोज जाऊ लागलं. आपण खुर्चीवर बसलो, शिक्का मारला, पेन्शन घेतो, ते सगळं त्या एकोणीस मुक्या जीवांवर उभं आहे, असं जोतीरामांना अधूनमधून वाटे. असं वाटलं की ते उठून बिल्ले पुसत.

तर त्या बिल्ले करणाऱ्यांच्या यादीत यंदा एका फवारणीच्या विमानाचं नाव आलं. फोटोत पिवळा पत्रा, खाली क्रमांक. उलटा डोंगर, खांब, फणी. पुढची दोनही तीच. जोतीरामांनी चष्मा पुसून पाहिलं, मग सारजाबाईंचा चष्मा लावून पाहिलं. अविराजसरांच्या मोबाईलवरून मागणी नोंदवली. घेणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा जोतीराम म्हणाले, "सिंधुबाई शिंगाडे टाका."

अडतीस वर्षांत त्यांनी तालुक्यातल्या कितीतरी आयांना मुलांची पत्रं, मनीऑर्डरी, पार्सलं पोचवली होती. आपल्या आईच्या नावाचं मात्र एकही टपाल त्यांच्या हातून कधी गेलं नव्हतं. तिला पाठवणारं कुणी परगावी नव्हतंच. मुलगा इथंच होता. म्हणून पत्ता त्यांनी इंदापूरचा दिला, नाव आईचं दिलं, आणि स्वतःच निरवांगीला नेऊन द्यायचं ठरवलं. पुढचा सगळा गोंधळ या एका हळव्या क्षणातून निघाला.

ती मंडळी पोस्टानं पाठवत नाहीत, फक्त कुरिअरनं, हे कळल्यावर जोतीरामांचा पहिला अपमान झाला. दुसरा लगेच झाला. सलग तीन दिवस मोबाईलवर निरोप आला, की आम्ही येऊन गेलो, ग्राहक घरी आढळले नाहीत. त्या तिन्ही दिवशी जोतीराम सकाळी नऊपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले होते. भाजी सारजाबाईंनी आणली. त्यांच्या काळी असा शेरा मारण्याआधी पोस्टमनला दार वाजवायला लागायचं, हे त्यांनी मोबाईलला मोठ्यानं ऐकवलं. मोबाईलनं सेवेबद्दल पाचपैकी किती तारे देणार, असं विचारलं.

चौथ्या दिवशी कळलं, पार्सल बारामतीच्या शाखेत अडकलंय. एसटीनं ते बारामतीला गेले. शाखेत स्वराली नावाची तिशीतली बाई सगळं एकटी सांभाळत होती. तिनं अदबीनं बसायला दिलं, संगणक पाहिला आणि सांगितलं, की पाठवणाऱ्यानं मालाचं वर्णन 'विमानाचा भाग' असं लिहिलंय. वरच्या कार्यालयाला असा भाग कशासाठी हवा याचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. जोतीरामांनी दोन बोटं दाखवून आकार सांगितला. ती म्हणाली, काका, मला पटतंय, पण संगणकात आकाराचा रकाना नाही.

इंदापुरात परतल्यावर त्यांनी चूक केली ती अप्पा बोराट्यांना विचारण्याची. अप्पा भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले, समोरच राहतात, आणि कागद म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर टवटवी येते. त्यांचं म्हणणं, साधं प्रतिज्ञापत्र चालणार नाही. उद्या त्या विमानानं कुणाचं नुकसान केलेलं निघालं तर जबाबदारी तुकड्याच्या प्रमाणात जोतीरामांवर येईल. ते स्वतः बरोबर आले. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडे त्यांनी प्रकरण सोपवलं.

अर्जनवीसाचं उभं आयुष्य शेतजमिनीत गेलेलं. त्यानं विमान म्हटल्यावर क्षणभर हात थांबवला आणि मग नेहमीच्या सवयीनं चतुःसीमा विचारली. पूर्वेस कोण? जोतीरामांनी गंभीरपणे सांगितलं, पूर्वेस कुणी नाही. पश्चिमेस? पश्चिमेसही नाही. सहहिस्सेदार किती, असं विचारल्यावर मात्र ते अडखळले, कारण उरलेलं विमान शेकडो तुकडे होऊन कुणाकुणाकडे गेलं होतं, आणि अप्पांच्या मते ते सगळे सहहिस्सेदारच. शेवटी कागद तयार झाला. 'सदर विमान माझ्या अगर माझ्या वारसांच्या ताब्यात असताना उडणार नाही, अगर उडवण्याचा प्रयत्न करणार नाही, याची मी हमी देतो,' हे वाक्य अर्जनवीसानं मोठ्यानं वाचून दाखवलं. लिंबाखाली वारसनोंदीला, फेरफाराला आलेले पंधरावीस लोक ऐकत होते. विमानाची बातमी निघाली ती तिथून.

दोन दिवसांत ती निरवांगीला पोचली. सिंधुबाईंचा फोन आला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या या बाई फोनवर नमस्कार वगैरे म्हणत नाहीत, थेट मुद्द्यावर येतात.

"विमान घेतलंस म्हणं."

"न्हाय आई, तुकडा हाय."

"ठेवणार कुठं? हितं डाळिंबात आणू नगंस. फुलं गळतील."

जोतीराम म्हणाले, समक्ष सांगतो. समक्ष सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. पार्सल हातात आलं की आपोआप बोलणं निघेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि प्रतिज्ञापत्र घेऊन पुन्हा बारामती गाठली.

कागद मंजूर झाला. स्वरालीनं तो वाचताना ओठ दाबून धरले, हे जोतीरामांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग तिनं विचारलं, सिंधुबाई कोण? अडवलेलं पार्सल ज्याच्या नावाचं त्यालाच, ओळखपत्र पाहून, समक्ष द्यायचं असतं. मुलाला चालत नाही. जोतीराम ताठ बसले. हाच नियम त्यांनी स्वतः अडतीस वर्षं लोकांना सांगितला होता. एकदा तर एका माणसाला त्याच्या सख्ख्या भावाचं पार्सल त्यांनी दिलं नव्हतं, आणि त्या माणसानं जाताना पोस्टाच्या जोत्यावर बसून तासभर त्यांच्याकडे नुसतं पाहिलं होतं. तो माणूस काय पाहत होता ते त्यांना आज कळलं.

रविवारी शाखा अर्धा दिवस उघडी असते. अविराजसरांनी गाडी काढली, निरवांगीहून सिंधुबाईंना घेतलं. त्या इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवीत सहा डाळिंबं घेऊन तयार होत्या. डाळिंबं पोस्टातल्या बाईला. ते पोस्ट नाही, कुरिअर आहे, हे जोतीरामांनी दोनदा सांगितलं. सिंधुबाई म्हणाल्या, बाई हाय ना? मग झालं.

रस्ताभर जोतीराम पुढच्या सीटवर मागे न वळता बसले. काय आणायला चाललोय, हे त्यांनी आईला 'एक पार्सल' एवढंच सांगितलं होतं.

शाखेत आणखी एक खोडा निघाला. आधार कार्डावर 'शिंदूबाई' होतं, पार्सलवर 'सिंधुबाई'. जोतीरामांनी नियम सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी सिंधुबाई काउंटरवर वाकून म्हणाल्या, "बाय, लिवणाऱ्यानं कायबी लिवावं. मी हाय तीच हाय." स्वरालीनं त्यांच्याकडे पाहिलं, कार्डावरच्या फोटोकडे पाहिलं, आणि पार्सल पुढं केलं. अडीच आठवड्यांत पहिल्यांदाच एक काम एका वाक्यात झालं.

खोका विटेएवढा होता. आत भुसा, भुशात डबी, डबीत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर बिल्ला. पिवळा रंग कडेला उडालेला, मधे बारीक अक्षरं. जोतीरामांनी त्यावरचा भुसा फुंकला. त्यांनी तो आईच्या तळव्यावर ठेवला आणि जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच त्यांना आठवलं नाही.

सिंधुबाईंनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यानं रंग चाचपला. "ह्योच पिवळा," त्या म्हणाल्या. "पत्रा लई तापला हुता. हात भाजला माझा."

अविराजसर मागं उभे होते, त्यांच्या तोंडून फक्त "म्हणजे उतरलं होतं?" एवढं निघालं. पन्नास वर्षं जिची वाट पाहिली ती साक्ष मिळाली होती, पण जोतीरामांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई," ते म्हणाले, "तुझा हात कसा भाजला? तू तर लांब, माळाच्या पल्याड हुतीस."

सिंधुबाई बाकावर टेकल्या. बराच वेळ त्यांनी तुकडा उलटासुलटा केला. मग सांगितलं, ते जोतीरामांकडे न पाहता, काउंटरवरच्या स्वरालीकडे पाहत सांगितलं. विमान उतरलं तेव्हा पोरगं धावत त्यांच्याकडे आलं होतं. जाऊ का म्हणून विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, जा, मी हाय. पोरगं गेलं. त्या थोडा वेळ काठी घेऊन उभ्या राहिल्या. मग काठी टाकली आणि त्याही गेल्या. पोरगं शेपटीकडे होतं, त्या दुसऱ्या बाजूनं पुढच्या तोंडाकडे गेल्या. मेंढरांपाशी कुणीच नव्हतं.

"तुझ्या बापानं विचारलं, मेंढरं कुणी सोडली. म्या काय बोलले न्हाय. त्यानं तुला धरलं."

जोतीरामांना आपण विचारल्याचं आठवत नव्हतं. फोक आठवत होता, एकोणीस मेंढरं आठवत होती, आईनं रात्री पाठीला लावलेलं तेल आठवत होतं. 'जा, मी हाय' हे शब्द मात्र कुठंतरी गहाळ झाले होते. टपाल खात्यात अख्खं आयुष्य काढूनही, आपल्याला पाठवलेलं एवढं एक वाक्य आपल्यापर्यंत पोचलं नाही, याचा त्यांना आधी राग आला, मग फार थकल्यासारखं झालं.

स्वरालीनं पाण्याची बाटली आणून ठेवली. सिंधुबाईंनी तिला डाळिंबं दिली.

परतीच्या वाटेवर जोतीराम पुन्हा पुढंच बसले. भवानीनगर मागं पडलं. एकसष्ट वर्षांचा, शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस आईवर रुसलाय, हे बाहेरून बरं दिसत नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी उसाच्या ट्रॉल्या मोजल्यासारखं केलं.

"तुला दोन रट्टे बसले," मागून सिंधुबाईंचा आवाज आला. "तुला मारून तो थांबला. मला मारून थांबला नसता. म्हातारीनं, तुझ्या आजीनं, मला माहेरी धाडलं असतं. तुमी तिघं बारकी हुता."

जोतीरामांनी काचेतून बाहेर पाहिलं.

"पुढं सांगंन म्हटलं. मग तू साळंत गेलास, पैला नंबर काढलास. म्हटलं आता ह्यो विसरला असंल."

"न्हाय विसरलो," जोतीराम म्हणाले.

"मी बी न्हाय."

पुढची दोनतीन गावं तशीच गेली. जोतीरामांच्या मनात हिशेब चालला होता, की आता कुणाला काय सांगायचं. सारजेला सांगायचं का? निकिताला? वडील जाऊन बावीस वर्षं झाली, त्यांना तर काही कळवता येत नव्हतं. एकोणीस मेंढरं कमी झाली नव्हती, पण ओझ्याला आता दुसरा खांदा होता, आणि तो इतकी वर्षं शेजारीच होता. हे चांगलं की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. आणि त्या सगळ्याच्या आडून एक अगदी पोरकट प्रश्न वर येत होता. तो त्यांनी लासुर्ण्यापर्यंत दाबून धरला. मग पट्टा सोडवून ते पूर्ण मागं वळले.

"पुढच्या बाजूला काय हुतं?"

सिंधुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ खाली घातलेली मान वर आली. त्यांनी सांगितलं, की आत एकच खुर्ची होती, आणि काचेच्या, घड्याळासारख्या सात-आठ गोल तबकड्या होत्या. विमानवाला मराठी बोलणारा होता, कोल्हापूरकडचा. त्यानं पायरी दाखवली, हात दिला, आणि त्या आत बसल्या.

"बसलीस?" जोतीराम म्हणाले.

"बसले की. लुगडं अडकलं जरा."

दहा वर्षांचे जोतीराम शेपटीकडे उभे राहून अक्षरं पाठ करत होते, तेव्हा पलीकडून आई विमानात चढत होती. मधे पिवळा पत्रा होता.

"मग?"

"मग काय. त्यानं हसून इचारलं, कुठं जायाचं बाई? म्हटलं, लांब कुठं न्हाय. हितंच. पायानं सगळं हिंडून झालंय, मेंढरामागं. एकदा वरनं कसं दिसतं ते दावा. तो म्हणला, इंजिन बंद हाय, न्हायतर दावलं असतं. खरंच दावलं असतं त्यानं."

अविराजसरांनी गाडीचा वेग कमी केला होता. पुढं आणखी काय काय होतं, दांडा कसा होता, आत वास कसला होता, उतरताना कुणी पाहिलं का, असं जोतीराम विचारत राहिले, आणि सिंधुबाई एकेक सांगत गेल्या, मधेच थांबून आठवत, हातानं आकार दाखवत. अविराजसरांनीही आरशात पाहत दोन प्रश्न विचारले, आणि त्यांतला एकही लांबीरुंदीचा नव्हता. निरवांगीचा फाटा मागं पडला, तो गाडीतल्या तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आला नाही.